आमची मुले नुसती बटणेच दाबणार काय?

आमच्याकडे एक मोठी चमत्कारिक समजूत रूढ होऊन बसली आहे. ती अशी की, संगणक वापरायचा सर्वांनी, परंतु त्याच्याकडून नवे काम करवून घ्यायचे ते फक्त इंग्रजीतून शिकलेल्या इंजिनिअरांनी! मराठी शाळेतल्या पोराने टंकलेखन शिकावे, तक्ते आखावेत, प्रमाणपत्र भिंतीला लावावे आणि गप्प बसावे. ही समजूत खोटी आहे, एवढेच नव्हे तर आमच्या मुलांचे धडधडीत नुकसान करणारी आहे, असे माझे स्वच्छ म्हणणे आहे; आणि फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक उघडून बसलेल्या आईबापांना ते ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही.

हे सांगणारा मी कोण? जुन्या जालन्यातला एक मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोरांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरीदेखील गेल्या वर्षी शनिवारच्या मोकळ्या तासांना आठवी-नववीची आठ-दहा पोरे बरोबर घेऊन मी वर्डप्रेसची प्लगइन बनवायला शिकलो. शिकलो, असेच म्हणतो; कारण पोरे आणि मी एकाच बाकावर होतो.

वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर लिहिण्याची, मांडण्याची आणि बदलण्याची तयार व्यवस्था. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती मे २००३ मध्ये लोकांपुढे ठेवली. मुलेनवेगचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते! आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन याच व्यवस्थेवर चालतात. २००४ साली तिच्यात प्लगइनची सोय आली.

ही सोय समजायला जुना वाडा पाहिलेला असला म्हणजे पुरे. वाड्याच्या तुळईला बांधणाऱ्याने आधीच कड्या ठोकून ठेवलेल्या असतात. त्या कडीला कोणी झोपाळा टांगतो, कोणी पाळणा, दिवाळीला कोणी कंदील. त्यासाठी तुळई कापावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. वर्डप्रेसमध्येही अशा शेकडो कड्या आहेत. त्यांना नावही 'हुक' असेच आहे. त्या कडीला आपण जे टांगतो ते प्लगइन. मूळ वाड्यात खोदकाम केले, तर वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली की ते पुसले जाते. कडीला टांगलेला कंदील मात्र जागच्या जागी राहतो.

कड्या दोन जातींच्या. एकीला 'ॲक्शन' म्हणतात: अमुक घटका आली की माझे एवढे काम कर. दुसरीला 'फिल्टर': हा मजकूर बाहेर जाण्यापूर्वी माझ्या हाती दे, मी सुधारून परत देतो. एक साधी फाइल करायची, तिच्या माथ्यावर ठरलेल्या रीतीने प्लगइनचे नाव लिहायचे आणि ती नेमून दिलेल्या कप्प्यात ठेवायची, की वर्डप्रेस तिला ओळखते. मग एक बटण दाबून ती चालू करायची. यात इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी कुठे आली?

आमच्या पोरांनी पहिले काम निवडले तेही घरचेच. वर्डप्रेस मराठीत करता येते. तसे केले की महिन्याचे नाव मराठीत येते. पण आकडे इंग्रजीच राहतात! शाळेच्या सूचनेवर 'नोव्हेंबर' मराठी आणि त्याच्या शेजारी तारीख इंग्रजी, हे पोरांना खटकले. शाळेच्या संगणकावर सरावासाठी उभारलेल्या प्रतीवर त्यांनी दहा-बारा ओळींचे प्लगइन लिहिले: मजकुरात जो इंग्रजी आकडा सापडेल, त्याच्या जागी मराठी घाल. तारखा झकास मराठी झाल्या, परंतु निम्मी चित्रे नाहीशी झाली आणि दुवे तुटले! कारण चित्रांच्या आणि दुव्यांच्या पत्त्यांतही आकडे असतात. तेही बदलले गेले. नववीतल्या एका मुलीने हे हुडकून काढले. तारखेसाठी वेगळी कडी असते, सगळ्या मजकुराला हात न लावता तिलाच हे काम टांगावे, असे तिने सुचवले आणि ते चालले. बदल कुठे करायचा याहून तो कुठे करायचा नाही, हे कळणे मोठे. ही अक्कल भिंतीवरच्या कोणत्या प्रमाणपत्रात मिळते, ते मला कोणी दाखवून द्यावे!

आता आक्षेप. पहिला आक्षेप ठरलेला: "मास्तर, इंग्रजीवाचून हे कसे जमणार?" पीएचपी ही ज्या भाषेत प्लगइन लिहितात तिचे नाव. सुरुवातीला तिच्यातले वीस-तीस शब्द पुरतात. क्रिकेट खेळणारे आमचे पोर 'एलबीडब्ल्यू' म्हणते, ते काय इंग्रजी व्याकरण शिकून? शिवाय या भाषेत आपण ठेवायची नावे देवनागरीत लिहिली तरी चालतात! 'तारीख' या नावाचा डबा 'तारीख' असाच लिहावा. यंत्राची तक्रार नसते. तक्रार असते ती आमच्या शिष्टांची.

आणि देशी भाषेत यंत्रविद्या शिकवता येत नाही, असे निदान मराठवाड्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवीत. त्याकरिता भाषांतराचे स्वतंत्र खातेच उघडले होते. आमच्या वाडवडिलांची मायबोली मराठी असताना त्यांच्यावर उर्दू लादली गेली, हा अन्यायच. पण देशी भाषा शास्त्राला पुरी पडते, हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले. उर्दूला जे साधले ते मराठीला साधणार नाही काय?

दुसरा आक्षेप अगदी आजचा: "आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल ते प्लगइन लिहून देते, पोरांनी कशाला डोके शिणवावे?" लिहून देते, हे खरे. पण लिहिलेले वाचणार कोण? चित्रे नाहीशी झाली, तर ती का, हे शोधणार कोण? दुसऱ्याने लिहून दिलेला कागद न वाचता अंगठा उठवण्यापायी किती शेतजमिनी गेल्या, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे. तोच अंगठा आता यंत्रापुढे पुढे करायचा काय?

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो मी मानतो. ढिसाळ प्लगइन म्हणजे चोराला उघडे दार. पण त्यावर उपाय न शिकणे हा नव्हे, नीट शिकणे हा आहे. बाहेरून आलेला मजकूर पाण्यासारखा गाळून घ्यावा; पानावर दाखवण्यापूर्वी तो निर्धोक करून घ्यावा; काम सांगणाऱ्याला तो अधिकार आहे की नाही, हे आधी तपासावे. हे तीन नियम आठवीच्या पोराला समजतात.

आणि हे न शिकण्याची किंमत काय पडते, तेही सांगतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेला तिच्या संकेतस्थळावरची एक सूचना बदलायची झाली, तरी कंत्राटदाराला पैसे मोजावे लागत. दरसाल! जालन्याच्या माणसाला हे निराळे समजावून द्यायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याने आमच्या गावाला नाव दिले, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, म्हणून ते दर हंगामाला विकत घ्यावे लागते, हेही येथला शेतकरी जाणतो. वर्डप्रेस हे गावरान बियाणे आहे. त्याचा परवानाच असा की, कोणीही ते वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला वाटावे. असे बियाणे फुकट दारात आलेले असताना आम्ही ते पेरीत नाही आणि तयार पीक बाजारातून आणतो, याला शहाणपण म्हणावे की आळस?

मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर येथे वर्डप्रेस करणाऱ्यांचे मेळावे भरले आहेत. तेथल्या जाणत्यांना माझी विनंती आहे, आपली विद्या मराठीत उतरवा. शिक्षकांना विनंती आहे, आठवड्यातला एक तास द्या. आणि आईबापांनो, पुढच्या वर्षी क्लासची फी भरण्यापूर्वी तेथल्या मास्तरांना एकच प्रश्न विचारा: येथे माझे मूल नुसते वापरायला शिकणार आहे, की काही करायला? उत्तर देताना ते घुटमळले, तर पैसे खिशातच राहू द्या.