रंगाला तीनच गुण

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात ब्रूपब, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारा बार, नाही. पण शिक्षण-नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या बीडच्या तरुणांसमोर तो आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही ब्रूअरी सुरू झाली, ताजी बिअर हळूहळू शहराच्या अंगवळणी पडली. ती पारखण्याची सवय मात्र लागली नाही. रेड एल या बिअरची पसंती तर तांबूस रंग बघूनच ठरते. प्रत्यक्षात आयरिश रेडला तो रंग बहुधा थोड्याशा खरपूस भाजलेल्या जवामुळे येतो. बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संस्थेच्या पत्रिकेत ५० पैकी दिसण्याला अवघे ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०. आधी कॅरॅमलचा हलका गोडवा, मग घोट संपताना भाजल्या धान्याचा कोरडेपणा, हा क्रम हवा. शेवटी नुसता चिकट गोडवा उरला, तर ती बिअर फसली असं स्पष्ट म्हणावं.

चव ज्याची त्याची, हा आक्षेप अर्धाच खरा. आवड खासगी असते, दोष नसतो. भाकरी कच्ची राहिली हे सांगायला बीडमध्ये तज्ज्ञ लागत नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे: दुष्काळी जिल्ह्याने बिअरच्या चवीची चर्चा का करावी? २०१६ च्या टंचाईत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात ६० टक्के कपातीचा आदेश दिला होता. नेमकी म्हणूनच ही चर्चा करावी. एका लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्च होतं. न पिणाऱ्याचा प्रश्न मिटलेला आहे. पिणाऱ्याने मात्र इतक्या मोलाच्या पाण्याचा गचाळ पेला निमूट रिचवू नये. काय बिघडलं ते बिअर बनवणाऱ्याला तिथेच सांगावं, म्हणजे पुढची टाकी तरी सुधारेल.