थर्मोस्टॅट काढू नका!

संपादक महाशय,

गेल्या अंकात एका वाचकाने बोटीचे इंजिन तापले तर थर्मोस्टॅट काढून टाकावे, असे सुचवले आहे. हा सल्ला कृपया कोणी ऐकू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन थंड चालते, डिझेल नीट जळत नाही. काही इंजिनांत तर पाणी कूलरला वळसा घालून आतल्या आत फिरते आणि ताप वाढतोच.

आधी वाकून एग्झॉस्टमधून पाणी किती पडते ते पाहावे. धार बारीक असेल तर खोट बहुधा समुद्राच्या पाण्याच्या वाटेत. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर हर्णैबाहेर आमची बोट अशीच तापली. गाळणीत प्लास्टिकची पिशवी सापडली. ती काढली, तरी तापमानाचा काटा उतरेना. पंप खोलला, तर रबरी इंपेलरची दोन पाती गायब. नुसता नवा इंपेलर बसवून भागत नाही, तुटलेले तुकडे शोधावेच लागतात. आमचे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी नळ्या अडवून बसले होते.

आणि गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचे झाकण उघडू नका, ही कळकळीची विनंती. आमच्या एका खलाशाचा हात तिथून उसळलेल्या वाफेने कोपरापर्यंत भाजला होता.

— एक बोटमालक, हर्णै (ता. दापोली)