घटस्फोटाचे आकडे आणि त्यांच्याबाहेरचे संसार

घटस्फोटाचे प्रमाण कमी म्हणजे कुटुंबसंस्था सुदृढ, असा निष्कर्ष व्यासपीठांवरून सर्रास काढला जातो; कौटुंबिक न्यायालयांत व समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्यांनी मात्र तो बिनतक्रार स्वीकारता कामा नये. २०११च्या जनगणनेत सुमारे साडेतेरा लाख व्यक्ती घटस्फोटित, म्हणजे विवाहितांच्या अवघ्या ०.२४ टक्के, नोंदल्या गेल्या. त्याच जनगणनेत कायद्याने विवाह न मोडता वेगळे राहणाऱ्या, अर्थात विभक्त, व्यक्तींची संख्या ३५ लाखांच्या घरात होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होत्या. संसार मोडतात, फक्त त्यांपैकी बहुतेकांची नोंद न्यायालयात होत नाही.

यामागे धर्म आहे असे म्हणून विषय संपवता येत नाही. मिझोराम हे ख्रिस्तीबहुल राज्य, तरीही घटस्फोटाचे प्रमाण देशात सर्वाधिक, चार टक्क्यांहून थोडे अधिक, तेथेच आढळले, कारण मिझो रूढीने विवाहविच्छेदाला पूर्वापार वाट ठेवली होती आणि चर्चचे वर्चस्व वाढल्यावरही ती बुजली नाही. गोव्यात याच्या उलट घडले. पोर्तुगीज प्रजासत्ताकाने १९१० साली घटस्फोटाचा कायदा केला होता, परंतु १९४०च्या पोर्तुगाल–व्हॅटिकन करारानंतर, १९४६च्या हुकुमाने, चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांचा दिवाणी घटस्फोटाचा हक्क गेला आणि धर्मपीठाकडून विवाह मुळातच अवैध होता असे ठरवून घेणे, एवढाच मार्ग उरला. पोर्तुगालने १९७५ साली हे बंधन उठवले, तेव्हा गोवा भारतात येऊन चौदा वर्षे झाली होती. ती मोकळीक गोव्यापर्यंत पोहोचली नाही. धर्म एकच, पण एका ठिकाणी रूढी टिकली आणि दुसऱ्या ठिकाणी राज्यसत्तेने धर्मसत्तेशी करार केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न जातीच्या अंगाने समजून घ्यावा लागतो. अनेक बहुजन जातींत पंचांसमोर काडी मोडून नाते संपवण्याची काडीमोड आणि त्यानंतर स्त्रीचा पाट लावण्याची, म्हणजे साध्या विधीने पुनर्विवाहाची, चाल होती. ब्राह्मणी विवाहकल्पनेत तिला थारा नव्हता. प्रतिष्ठा वाढू लागली तशी या जातींतील अनेक कुटुंबांनी उच्चवर्णीयांचे आचार उचलले, ज्याला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटले, आणि पाट कमीपणाचा ठरला. कायद्याने घटस्फोट मुंबई प्रांतात १९४७ साली व देशात हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली दिला खरा, पण नवऱ्याने टाकलेल्या असंख्य स्त्रियांच्या वाट्याला ना जुनी सुटका आली, ना नवी. घटस्फोटाचे प्रमाण कमी दिसते त्यात या परित्यक्तांच्या कुचंबणेचाही वाटा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)ने रूढीनुसार झालेला विच्छेद मान्य ठेवला असला, तरी ती रूढी त्या जातीत प्राचीन व अखंड आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास काडीमोडीनंतरचे दुसरे लग्नच अवैध ठरते आणि त्या स्त्रीचा पोटगीचा व वारशाचा दावा डळमळतो. म्हणून समुपदेशकांनी व वकिलांनी पहिल्याच भेटीत पंचांपुढे काही ठरले होते का, त्याचा कागद आहे का, वेगळे राहण्यास किती वर्षे झाली आणि खर्च कोण देते, हे विचारून लिहून ठेवावे. ‘विवाहित की घटस्फोटित’ एवढेच विचारणाऱ्या छापील अर्जात या स्त्रियांसाठी रकाना नाही. तो प्रत्येक केंद्राने आपल्यापुरता आजच वाढवावा.