विंडोज १० चा सपोर्ट संपला: जुना लॅपटॉप बदलायचा की दुरुस्त करून चालवायचा?

गेल्या दिवाळीत घरी पुरुषोत्तमनगरला गेलो, तेव्हा धाकटी बहीण लॅपटॉप घेऊन आली. "दादा, हा काय मेसेज येतोय बघ ना." स्क्रीनवर विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना होती. लॅपटॉप माझाच, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर २०१७ मध्ये घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. आता तो बहिणीकडे आहे, ती डिप्लोमा करतेय.

शहाद्यातल्या दुकानदाराने तिला सांगितलं होतं, "हा आता बाद झाला, नवीनच घ्या." आप्पांचं म्हणणं, "चालतोय ना? मग राहू दे." मला दोघांचंही पटलं नाही. का, ते सांगतो.

सपोर्ट संपला म्हणजे नक्की काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सिक्युरिटी अपडेट थांबवले. लॅपटॉप बंद पडत नाही, फाइल्स उडत नाहीत. फक्त यापुढे सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत.

"मग काय बिघडतं?" यावर २०१७ आठवा. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे महिन्यात जगभर पसरला. तो ज्या भोकातून घुसला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अपडेट न केलेल्या मशीन अडकल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यानेही तेच भोक वापरलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

आमच्या लॅपटॉपवर बंदर चालत नाही, मान्य. पण डेस्कटॉपवरचं एक फोल्डर उघडलं आणि मीच चपापलो. गल्लीतल्या नऊ-दहा पोरापोरींचे महाडीबीटीचे स्कॉलरशिप फॉर्म बहिणीने याच लॅपटॉपवर भरले होते. सगळ्यांचे आधार, जातीचे दाखले, बँक पासबुक तिथेच पडलेले. म्हणजे "राहू दे" म्हणताना आपण शेजाऱ्यांचीही जोखीम घेत होतो.

मग विंडोज ११ का नाही?

कारण मायक्रोसॉफ्टने अटी घातल्यात. टीपीएम २.० ही चिप हवी (पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी), सिक्युअर बूट हवं, आणि प्रोसेसर त्यांच्या यादीत हवा. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. गंमत अशी की आमच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहे. तो अडला फक्त प्रोसेसरवर. अट डावलून ११ टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर उपयोग काय?

नवीन घ्यायला ही वेळ कशी आहे?

वाईट. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, टीव्ही-एसी स्वस्त झाले, पण लॅपटॉप आधीच १८ टक्क्यांत होता, तो तिथेच राहिला. वरून रॅम महागली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरला लागणारी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त पैसा दिसतोय. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. याचा फटका नव्या लॅपटॉपला बसतो, तसाच जुन्यात रॅम वाढवणाऱ्यालाही.

इथे माझी चूक कबूल करतो. दिवाळीत "बघू नंतर" म्हणत टाळलं आणि संक्रांतीला परत गेलो. तोवर रॅमचा भाव चढला होता.

शेवटी आम्ही काय केलं?

आधी रोग शोधला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. लॅपटॉप चालू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत. म्हणजे दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. बॅकअप घेऊन साधारण तीन हजारांची २५६ जीबी एसएसडी बसवली. रॅमसाठी ओळखीच्या मेकॅनिककडून जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ४ जीबीची पट्टी घेतली. आधी चालू करून चहा प्यायला जायचो, आता खुर्ची ओढेपर्यंत लॉगिन येतं.

अपडेटसाठी ईएसयू ही वाढीव योजना घेतली. त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. ३० डॉलर भरता येतात, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ही नोंदणी दिसते, फक्त २२एच२ आवृत्ती हवी. शेजाऱ्यांची कागदपत्रं आम्ही पुसून टाकली. आता फॉर्म भरला की फाइल डिलीट, असा बहिणीचा नियम आहे.

ऑक्टोबरनंतर? लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलंय. ब्राउझर, पीडीएफ, सी आणि पायथनचा सराव सगळं होतं. कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर अडेल, म्हणून ते आत्ताच तपासतोय.

तुम्ही काय कराल?

प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर ११ मोफत आहे, ते घ्या. त्याआधीचा असेल आणि हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, ईएसयू घ्या. बॅटरी फुगली असेल, मदरबोर्ड गेला असेल, किंवा अँड्रॉइड स्टुडिओ, व्हिडिओ एडिटिंग असं रोजचं जड काम असेल, तर जुन्यावर पैसे घालू नका. आणि जुनी मशीन भंगारवाल्याला देण्याआधी डेटा पुसा, शक्यतो अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

बहिणीला शेवटच्या वर्षाला कदाचित नवीन लॅपटॉप लागेलही. पण तो कशासाठी हवाय, हे तेव्हा तिला माहीत असेल. उसाच्या पैशातून आप्पा तो घेतील, तेव्हा दुकानदार सांगतो म्हणून घेतलेला नसेल, एवढं नक्की.