भंगारातली खुर्ची

परवा मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटवर गेले. हॉलमध्ये एकच खुर्ची. सागवानी, वेत विणलेली, कंपाससारखे फाकलेले पाय. ‘चंदीगड चेअर! कॉपीच आहे, तरी अख्खा पगार गेला,’ ती म्हणाली.

1950च्या दशकात ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे चंदीगडमध्ये काम करत होता. तिथल्या सरकारी ऑफिसांसाठी त्यानं हे फर्निचर केलं. मजबूत साग आणि उकाड्यात हवा खेळवणारा वेत, बस्स! पुढे ते जुनाट वाटलं, भंगारात गेलं. परदेशी डीलर्सनी उचललं आणि तिकडच्या लिलावांत लाखोंना विकलं.

मी गप्पच. आजोबांची वेताची खुर्ची गेल्या दिवाळीत मीच भंगारवाल्याला दिली होती. दोनशे रुपयांत. तुमच्या माळ्यावर काय आहे, एकदा बघाच!