भीतीवरचा उतारा

पावसाळ्याबरोबर आपल्या शेतशिवारात सर्पदंशाचेही दिवस येतात. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्याच देशात तयार होते. तरीही ते न देताच रुग्णाला पुढच्या रुग्णालयाची वाट दाखविण्याचे प्रकार प्राथमिक आरोग्य केंद्रांत घडतात. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अनेकदा त्यामागे भीती असते, आणि ती भीती निराधार नाही.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनवितात. त्यातील परक्या प्रथिनांचे वावडे अनेक रुग्णांना होते. कोणाच्या अंगावर केवळ गांधी उठतात, तर कोणाची श्वासनलिका आवळून रक्तदाब पाहता पाहता कोसळतो. या दुसऱ्या, प्राणघातक अवस्थेला वैद्यकशास्त्र अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणते. तिच्यावरचे पहिले औषध एकच, ते म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत वेळीच दिलेले हे इंजेक्शन बहुतेक रुग्णांना सावरते. ते अत्यंत स्वस्तही आहे. मग अडते कोठे? अडते ते शिक्षणात. अ‍ॅड्रिनॅलिन हृदयाला धोकादायक, असा धाक अनेकांच्या मनात बसलेला असतो. त्यामुळे आधी अ‍ॅलर्जीविरोधी औषध आणि स्टेरॉइड टोचून वाट पाहिली जाते, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. श्रीलंकेत हजारावर सर्पदंश रुग्णांवर झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. प्रतिविषापूर्वी अ‍ॅड्रिनॅलिनची अल्प मात्रा दिल्यास तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय प्रमाणात घटतात, उलट स्टेरॉइड वा अ‍ॅलर्जीविरोधी औषधाचा तसा उपयोग होत नाही, असे तीत दिसून आले. प्रतिविषापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याची जुनी पद्धतही निरुपयोगी ठरली आहे. तिने फक्त वेळ जातो.

ही गोष्ट सर्पदंशापुरती नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडू लागलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. अ‍ॅलर्जीच्या धास्तीने अनेक डॉक्टर ते देण्याचेच टाळतात. याच्या उलट, लहानपणी अंगावर पुरळ आले एवढ्यावरून ‘पेनिसिलिन चालत नाही’ हा शिक्का जन्मभर वागविणारी माणसे आहेत. पाश्चात्त्य देशांत असा शिक्का असलेल्यांची रीतसर तपासणी केली असता दहांतील नऊजणांना ते औषध चालते, असे आढळले आहे. म्हणजे अज्ञानाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. खरे वावडे ओळखले जात नाही, आणि नसलेले वावडे कपाळी चिकटते.

यावर विशेषज्ञांची संख्या वाढवावी, हे उत्तर योग्य असले तरी अपुरे आहे. ज्या क्षणी श्वास कोंडतो, त्या क्षणी रुग्णासमोर विशेषज्ञ नसतो. गावचा वैद्यकीय अधिकारी, परिचारिका किंवा गल्लीतला डॉक्टर असतो. त्यांची कुवत कमी आहे असे समजण्याचे कारण नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील संशोधन जगाने मान्य केले. लसीकरणाच्या सत्रात तर अ‍ॅड्रिनॅलिनचा संच जवळ ठेवण्याचा आणि लसीनंतर अर्धा तास थांबविण्याचा दंडक आजही आहे. जे लसीबाबत शिकविता आले, ते प्रतिविष, पेनिसिलिन आणि गांधीलमाशीच्या दंशाबाबत शिकविता येणार नाही काय?

त्यासाठी प्रचंड खर्चाची गरज नाही. नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला रुजू होताच, आणि जुन्यांना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, एक दिवसाचे प्रत्यक्ष सरावाचे शिक्षण द्यावे. खासगी व्यावसायिकांनाही त्यात सामावून घ्यावे. आणि मात्रेचा तक्ता प्रत्येक उपचारकक्षात लावावा. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. केवळ प्रतिविषाच्या कुप्या पाठवून तो सिद्धीस जाणार नाही. कुपी फोडणाऱ्या हाताला धीर हवा, आणि तो धीर आदेशाने नव्हे, ज्ञानानेच येतो.