भिजत घोंगडे आणि समीक्षेचा माग

मराठी समीक्षेला विणकामाचे मोठे वेड आहे. कादंबरीची ‘वीण’ घट्ट असते, कवितेला ‘पोत’ असतो, आशयाला अनेक ‘पदर’ असतात. ‘टेक्स्ट’ हा शब्द विणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आल्याचे कळल्यावर तर या हौसेला सिद्धान्ताचे अधिष्ठान मिळाले. वस्त्र ही संहिता ठरली. पुढे देशीयतेच्या भाषेने त्यात अस्मितेची भर घातली आणि खांद्यावरची घोंगडी ही आपल्या मुळांची खूण झाली. या साऱ्या व्यवहारात एक प्रश्न मात्र विचारला गेला नाही : ही घोंगडी विणतो कोण, आणि विणणे त्याला परवडते काय?

हा प्रश्न साहित्यबाह्य आहे, असे म्हणून तो टाळता येणार नाही. जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, निमगाव सावाच्या परिसरात, कुकडीच्या पाण्याने ऊस आणला. शेतकऱ्याचे त्यात हित झाले; मेंढपाळाचा माळ मात्र आक्रसला आणि उसात वस्तीला आलेला बिबट्या त्याच्या वाड्यावर येऊ लागला. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. तिच्या मोलापेक्षा कातरणीची मजुरी जड झाली, तेव्हा मेंढी मांसासाठीच पाळली जाऊ लागली आणि लोकर उकिरड्यावर जाऊ लागली. लोकर पिंजावी, बायांनी ती कातावी, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी, मग सणगराने खड्ड्याच्या मागावर बसून विणावे, ही साखळी पहिल्याच कडीला तुटली. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्याने कांबळीला संरक्षण दिले. पण कायदा विणण्यापुरता, लोकरीला भाव देणे त्याच्या कक्षेत नव्हते. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे घरोघर पोचली ती वेगळीच.

यावर असा आक्षेप येईल की, वस्तू गेली तरी चिन्ह उरते आणि संस्कृतीला तेवढे पुरे. या संदर्भात पॅलेस्टाईनचे उदाहरण हटकून दिले जाते, म्हणून तेच पाहू. हेब्रॉनमधील १९६१ साली सुरू झालेल्या कारखान्यात कुफिया यंत्रमागावर विणली जाते, तरीही ती पॅलेस्टिनी अस्मितेचे चिन्ह आहे. हे खरे, परंतु त्या चिन्हात अर्थ भरतो तो भूमी गमावलेल्या माणसांचा चालू लढा. मजदलच्या विणकरांची गोष्ट निराळी आहे. १९४८ ते १९५० या काळात ते गाव त्यांच्या हातून गेले. गाझात निर्वासित म्हणून आल्यावर त्यांनी पुन्हा माग मांडले आणि कापडाने हरवलेल्या गावाचे नाव टिकवले. तेथे स्मृती राहिली ती विणणाऱ्या हातांत. २०२३पासूनच्या युद्धात गाझातील वस्त्याच उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा त्या हातांची वाट काय, हा प्रश्न कोणत्याही चिन्हमीमांसेने सुटत नाही. ‘कापड म्हणजे अस्मिता’ असे एका वाक्यात उरकणारी समीक्षा या दोन गोष्टींतला भेद पुसून टाकते.

आपल्याकडे तर चिन्ह आणि वस्तू यांची वाटचाल उलट दिशांना चालली आहे. सभेत पुढाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी टाकून हाती काठी दिली जाते. ती घोंगडी हातमागाची की गिरणीची, हे कोणी पाहत नाही, कारण सत्काराला त्याने काही फरक पडत नाही. माग थंडावत असताना चिन्ह तेजीत आहे. केवळ चिन्हे वाचणाऱ्या समीक्षकाला ही संस्कृतीची भरभराट वाटणार, यात नवल नाही.

वाचनाची दुसरी रीत आपल्याच भूमीत कोरलेली आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. याच नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, लेख जुन्नरला आहे. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे २४० झाले. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. या लेखात विणकर कशाचेही प्रतीक नाही. ज्याच्याकडे ठेव सुरक्षित मानली जाते असा तो समाजातील पतदार घटक आहे. त्याची प्रतिष्ठा त्याच्या पतीत आहे. आजच्या गौरवपर लेखनात त्याला प्रतिष्ठा भरपूर मिळते. पत मात्र नाही.

निकाल न लागणाऱ्या प्रश्नाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. भिजलेली घोंगडी किती जड होते आणि किती काळ वाळत नाही, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या अनुभवातून हा शब्द आला. अनुभव गेल्यावर उरतो तो पोकळ वाक्प्रचार. ‘वीण’ आणि ‘पोत’ यांचे आपण तेच केले आहे. समीक्षेने हे शब्द टाकावेत असे नाही. मात्र घोंगडीला संहिता म्हणणाऱ्याने त्या संहितेत मेंढीचा चारा, कातणारीची मजुरी आणि लोकरीचा भावही वाचला पाहिजे. तेवढी तयारी नसेल, तर अस्मितेवरील आपले लेखन त्या सत्काराच्या घोंगडीहून वेगळे नाही.